भूमीचा ठाव

आपल्या भाषेने पायाला फार मान दिलेला आहे. एखाद्याचे शिक्षण चांगले झाले असले, तर त्याचा पाया पक्का आहे असे आपण म्हणतो. एखादी संस्था मोडकळीला आली, की तिचा पायाच कच्चा होता असे जाणते लोक मागाहून सांगतात. आणि घर बांधायचे तर पायाभरणीचा मुहूर्त पाहिल्यावाचून कुदळ पडत नाही. पण हा पाया तरी कशावर टेकलेला असतो? दगड, चुना, सिमेंट, लोखंड ही सारी माणसाने निवडून, पारखून, प्रसंगी परत पाठवून घेतलेली सामग्री. तिच्याखालची भूमी मात्र कोणी निवडून आणलेली नसते. ती जिथे असते तिथे आणि जशी असते तशी पत्करावी लागते. आणि गंमत अशी, की संपूर्ण इमारतीत जिच्यावर सगळ्यांत जास्त भार, तिलाच सगळ्यांत कमी पाहिलेले असते. या न दिसणाऱ्या भूमीचा ठाव घेण्याची विद्या माणसाला कशी मिळाली आणि तिच्यासाठी त्याने काय मोल दिले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. माणूस हजारो वर्षे घरे, देवळे आणि किल्ले बांधीत आला. पण ही विद्या पुरती सव्वाशे वर्षांचीही झालेली नाही!

विद्या नव्हती म्हणजे जाण नव्हती, असे मात्र समजू नये. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत जमिनीचे दोन भाग पूर्वापार मानलेले आहेत : काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला हात हात खोल भेगा पडतात. तिच्यावर भिंत उभारली तर ती भिंत दरसाल थोडी उचलली जाते, दरसाल थोडी खाली बसते आणि शेवटी तिरकी फाटते. हे शेतकऱ्याला कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते. पांढरीचा स्वभाव तसा नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख आणि पडक्या भिंतींची माती साचून ती तयार झालेली. म्हणून तिथलीच माती भिंतींना आणि धाब्याला वापरायची, हेही ठरलेले. गवंड्याजवळ आणखी एक कसोटी असे. पायाचा चर खणताना मुरूम लागला, की तो पहार उचलून तळावर आपटी. पहारीचा आवाज भद्द आला की ठणठणीत, हाताला झिणझिण्या आल्या की नाहीत, यावरून आणखी खोल जायचे की थांबायचे हे तो ठरवी.

या जाणतेपणाला दोन मर्यादा होत्या. पहिली ही, की ते ज्याच्या हातात असे त्याच्याबरोबरच जाई. साताऱ्याच्या गवंड्याच्या हाताला आलेली झिणझिणी नागपूरच्या गवंड्याला कागदावर लिहून कशी कळवणार? दुसरी मर्यादा खोलीची. दख्खनच्या पठारावर बऱ्याच ठिकाणी चार-सहा हातांवर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो, म्हणून पहारीने भागले. पण जिथे नद्यांनी हजारो वर्षे गाळ आणून टाकला आहे आणि पन्नास हात खणले तरी खडकाचा पत्ता नाही, तिथे पहारीच्या आवाजावरून काय कळणार? या विद्येचा जन्म म्हणूनच खडकाळ मुलखात झाला नाही. ज्यांच्या पायांखाली चिखल होता, त्यांनीच ती शोधून काढली.

*

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन स्थपती व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात पायासंबंधी नियम घालून दिला आहे. घट्ट जमीन लागेपर्यंत खणावे. ती लागत नसेल आणि जागा दलदलीची असेल, तर भाजून काळे केलेले लाकडी खांब जवळजवळ ठोकावेत आणि मधल्या जागेत कोळसा भरावा, असे तो सांगतो. सल्ला चांगलाच आहे. पण घट्ट जमीन म्हणजे किती घट्ट, आणि घट्ट लागलेल्या थराखाली पुन्हा मऊ थर नसेल कशावरून, या प्रश्नांचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. पुढे अठराशे वर्षे ते कोणाजवळच नव्हते.

इटलीतल्या पिसा शहरातला मनोरा हे या अज्ञानाचे जगप्रसिद्ध स्मारक. ११७३ साली त्याचे काम सुरू झाले, पाचएक वर्षांत तीन मजले चढले आणि काम थांबले. ते पुन्हा सुरू झाले १२७२ च्या सुमारास. ही थांबणूक युद्धांमुळे झाली. परंतु तिनेच मनोरा वाचवला, असे आजचे तज्ज्ञ मानतात. त्या शंभर वर्षांत खालच्या मऊ मातीतले पाणी ओझ्याने हळूहळू निथळले आणि माती घट्ट होत गेली. काम एकसारखे चालू राहिले असते, तर मनोरा पुरा होण्याआधीच आडवा झाला असता. पिसाच्या गवंड्यांनी भूमीला काही विचारले नव्हते. भूमीने आपणहून जे सांगितले ते मात्र साऱ्या जगाला आजवर दिसत आहे.

हॉलंडमध्ये निराळी रीत पडली. तिथे वरच्या थरात पीट नावाची कुजक्या पानामुळांची माती आणि चिखल. वाळूचा भरवशाचा थर लागतो तो खूप खोल. म्हणून डच लोकांनी लांब लाकडी खांब, ज्यांना आपण आज पाइल म्हणतो, ते त्या वाळूपर्यंत ठोकून त्यांवर शहरे उभी केली. ॲमस्टरडॅममधला सतराव्या शतकातला राजवाडा १३,६५९ खांबांवर उभा आहे, आणि हा आकडा तिथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतो. खांब ठोकणारे मजूर एका तालात हातोडा उचलीत आणि सोडीत. खांब भराभर जात असला की खाली मऊ; तो अडू लागला, एकेका ठोक्याला बोटभरही जाईना, की वाळू लागली. म्हणजे ठोके आणि उतरण यांवरून जमिनीची ताकद ओळखायची ही कल्पना त्या मजुरांना माहीत होती. फक्त हे उत्तर पाया घालतानाच मिळे. पाया कसा घालावा हे ठरवण्याआधी नव्हे.

*

आधी उत्तर मिळवण्याच्या खटपटीला एकोणिसाव्या शतकात एक साधन सापडले. जमिनीत नळ उतरवायचा, त्यातून पाण्याचा झोत सोडून भोक पाडायचे आणि वर येणाऱ्या गढूळ पाण्याकडे पाहून खाली कोणती माती आहे याचा तर्क बांधायचा. स्वस्त आणि जलद, म्हणून ही रीत अमेरिकेत खूप चालली. तिच्यातला दोष उघड आहे. पाण्यात कालवलेली माती पाहून ती मुळात किती घट्ट होती हे कसे समजणार? कढीतल्या पिठावरून दाण्याची परीक्षा करण्यासारखाच हा प्रकार.

१९०२ च्या सुमारास बॉस्टन शहरातला एक कंत्राटदार, चार्ल्स गो, याने ही चूक दुरुस्त केली. भोक पाडून झाल्यावर त्याच्या तळाशी त्याने एक इंच व्यासाची पोकळ नळी टेकवली आणि ११० पौंडांच्या हातोड्याने ती ठोकून न हललेल्या मातीत शिरवली. नळी वर काढली की तिच्या पोटात मातीचा कोरडा नमुना. माती चिकण की रेताड, हे आता डोळ्यांनी पाहता येऊ लागले. पण या साध्या नळीने आणखी एक गोष्ट न मागता दिली. कुठे नळी चार ठोक्यांत शिरे, कुठे चाळीस ठोके लागत. नमुना मातीची जात सांगे आणि ठोके तिची ताकद सांगत. १९२२ साली गो याची कंपनी रेमंड काँक्रीट पाइल कंपनीकडे गेली. तिथल्या हार्ट आणि फ्लेचर या दोघांनी १९२७ साली दोन इंच व्यासाची, उभी दुभंगून उघडता येणारी नळी तयार केली. शेंग सोलावी तशी ती उघडायची आणि आतला नमुना अखंड पाहायचा. पुढे १४० पौंडांचा हातोडा आणि ३० इंचांची पड ही मापे रूढ होत गेली.

इथे कोणी म्हणेल, की जमिनीची ताकदच पाहायची तर तिच्यावर ओझे ठेवून का पाहू नये? तेही लोक करीत असत. आणि त्याचा धडा कॅनडातल्या विनिपेग शहराजवळ ट्रान्सकोना इथे मिळाला. रेल्वे कंपनीने तिथे धान्याचे एक प्रचंड कोठार बांधले होते. उंच अशा काँक्रीटच्या पासष्ट कणग्या आणि त्यांत दहा लाख बुशेल धान्य मावेल एवढी जागा. सगळ्यांखाली काँक्रीटचा एकच सलग तळ, जाजम अंथरावे तसा. खणलेल्या खड्ड्यात लहान तळावर ओझे ठेवून परीक्षा झाली होती आणि जमिनीने ती उत्तम पार पाडली होती. १९१३ च्या सप्टेंबरात गहू भरायला सुरुवात झाली. १८ ऑक्टोबरला पावणेनऊ लाख बुशेलांच्या आसपास गहू आत असताना कोठार एका तासात फूटभर खचले आणि मग सावकाश कलू लागले. चोवीस तासांनी ते जवळजवळ २७ अंशांनी वाकून स्थिर झाले. कणग्या मात्र बहुतांशी शाबूत! बांधकामात काही खोट नव्हती. खोट होती ती बांधकामाखालच्या भूमीत.

असे का व्हावे? याचे कारण समजायला गणित लागत नाही. ओझ्याचा परिणाम तळाच्या रुंदीच्या सुमारे दीड-दोन पट खोलवर पोचतो. हातभर रुंदीच्या पाटावर ओझे ठेवले तर फार तर दोन हात खोलीची माती दाबली जाईल. तेच ओझे त्याच दाबाने सत्तर-ऐंशी फूट रुंदीच्या तळावर आले, तर खालचा पंचवीस-तीस फुटांवरचा थरही त्या दाबाखाली येतो. ट्रान्सकोनाला वरची चिकणमाती घट्ट होती आणि खालची मऊ. लहान पाटाने केवळ वरच्या मातीची साक्ष काढली. खालचीला कोणी विचारलेच नाही. पुढच्या वर्षी मोठ्या कौशल्याने, खडकापर्यंत खांब नेऊन, कोठार पुन्हा सरळ केले गेले आणि नंतर अनेक दशके ते कामात राहिले. १९५१ साली पेक आणि ब्रायंट या अभियंत्यांनी तिथे बोअर घेऊन खालच्या मातीचे नमुने तपासले आणि गणित मांडले. जेवढ्या दाबाखाली जमीन मोडायला हवी असे गणिताने निघाले, जवळजवळ तेवढ्याच दाबाखाली ती १९१३ साली मोडली होती. उत्तर बरोबर आले, पण अडतीस वर्षे उशिरा.

*

ट्रान्सकोनाला नुकसान झाले ते पैशाचे. युरोपात याच सुमारास भूमीने माणसांचा बळी घेतला. स्वीडनमध्ये रेल्वेचे भराव आणि उतार वारंवार घसरत होते, म्हणून १९१३ च्या अखेरीस तिथल्या सरकारी रेल्वेने वोल्मार फेलेनियस यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. समितीचे काम चालू असतानाच, १ ऑक्टोबर १९१८ रोजी, येतो या ठिकाणी रुळांखालचा भराव घसरला आणि आगगाडी खाली कोसळून पेटली. चाळीसहून अधिक माणसे मेली. त्याआधी अडीच आठवडे, १३ सप्टेंबर १९१८ रोजी, हॉलंडमध्ये वेस्प गावाजवळ पावसाने भिजलेला भराव गाडीखालून सरकला होता. तिथे एकेचाळीस माणसे गेली होती. एक देश खडकांचा आणि मऊ चिकणमातीचा, दुसरा पीटचा आणि वाळूचा. पण दोन्हीकडे एकच प्रश्न पुढे आला. खाली काय आहे हे गाडी जाण्याआधी कसे कळावे?

दोघांनी आपापल्या मातीला साजेशी उत्तरे काढली. स्वीडिश समितीने मळसूत्रासारख्या टोकाचा गज घेतला. त्याच्यावर टप्प्याटप्प्याने १०० किलोग्रॅमपर्यंत वजने चढवायची; तेवढ्याने तो उतरला तर माती अगदी मऊ. तेवढ्याने उतरेनासा झाला, की गज फिरवायचा आणि किती अर्ध्या फेऱ्यांत किती उतरला हे मोजायचे. या समितीचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. डच लोकांचे उत्तर आणखी साधे होते. तिथल्या जलमार्ग-बांधकाम खात्यातले अभियंते पीटर बारेंटसेन यांनी १९३२ साली एका गॅसच्या नळात लोखंडी गज बसवला आणि गजाच्या टोकाला शंकूच्या आकाराचे, दहा चौरस सेंटिमीटर क्षेत्राचे टोक लावले. हा शंकू माणसांनी नुसता दाबून जमिनीत उतरवायचा आणि किती जोर लागतो ते मोजायचे. खांबांवर जगणाऱ्या देशाला हे साधन अगदी बेताचे जुळले; कारण शंकू म्हणजे एक छोटासा खांबच. १९३४ साली डेल्फ्टला मृत्तिकाशास्त्राची प्रयोगशाळा निघाली आणि पुढे हाच डच शंकू यंत्राने दाबला जाऊन जगभर गेला.

असे तीन देशांत तीन गज झाले : एक ठोकायचा, एक फिरवायचा, एक दाबायचा. आता हवा होता तो या साऱ्या आकड्यांचा अर्थ लावणारा माणूस.

तो माणूस म्हणजे कार्ल तेर्झागी. १८८३ साली प्राग इथे जन्मलेला हा ऑस्ट्रियन अभियंता पहिल्या महायुद्धाच्या काळात इस्तंबूलला शिकवण्यासाठी गेला आणि युद्धानंतर तिथल्याच रॉबर्ट कॉलेजात राहिला. पैसा नाही, उपकरणे नाहीत. सिगारच्या रिकाम्या खोक्यांतून आणि भंगारातून त्याने आपली प्रयोगशाळा उभी केली. मातीतले पाणी ओझ्याखाली कसे निथळते आणि त्यामुळे माती कशी दबते, याचा उलगडा त्याने तिथे केला. १९२५ साली त्याचा मृत्तिकायांत्रिकीवरचा जर्मन ग्रंथ निघाला आणि या शास्त्राचा जन्म त्या सालापासून मोजण्याची पद्धत पडली. त्याच वर्षी तो अमेरिकेला, बॉस्टनशेजारच्या तंत्रविद्यापीठात गेला; म्हणजे गो याच्या नळीच्या गावीच.

सूक्ष्म गणिताचा हा आचार्य त्या ओबडधोबड नळीकडे तुच्छतेने पाहील, असे कोणालाही वाटले असते. झाले उलटेच. तेर्झागीला कळून चुकले होते, की प्रयोगशाळेतले शंभर बारीक प्रयोग जमिनीच्या चार-दोन ठिकाणांविषयी बोलतात; पण भूमी हातागणिक बदलते. चिकणमातीचा नमुना प्रयोगशाळेपर्यंत कसाबसा नेता येतो. मोकळ्या वाळूचा नमुना तर वर काढतानाच विस्कटतो. अशा वेळी जागच्या जागी, स्वस्तात, अनेक ठिकाणी आणि अनेक खोलींवर एकच साधा प्रश्न विचारणे अधिक शहाणपणाचे. १९४७ साली टेक्सासमधल्या एका परिषदेत त्याने या ठोक्यांच्या परीक्षेला ‘स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, तेर्झागी आणि राल्फ पेक यांचा ग्रंथ निघाला. त्यात ठोक्यांवरून मातीची स्थिती सांगणारे कोष्टक होते. ट्रान्सकोनाची जमीन तपासणारा पेक तो हाच.

*

ही परीक्षा आज आपल्याकडे कशी होते, ते पाहू. तिपाई उभी करून जमिनीत सुमारे चार ते सहा इंच व्यासाचा बोअर घेतात. ठरावीक खोली गाठली, की बोअर साफ करून दुभंगती नळी गजाला जोडून तळाशी टेकवतात. वर ६३.५ किलोग्रॅमचा, म्हणजे सुमारे पावणेदोन मणांचा, हातोडा असतो. तो ७५ सेंटिमीटर उचलून सोडायचा. नळी ४५ सेंटिमीटर उतरवायची, पण पहिल्या १५ सेंटिमीटरांचे ठोके हिशेबात धरायचे नाहीत; कारण बोअर घेताना तळची माती थोडी विस्कटलेली असते. उरलेल्या ३० सेंटिमीटरांना जेवढे ठोके लागतील, तो आकडा म्हणजे त्या खोलीवरच्या भूमीचे उत्तर. इंग्रजी अक्षरावरून त्याला ‘एन’ म्हणतात. सामान्यतः दर दीड मीटरला किंवा थर बदलला की पुन्हा ठोके, पुन्हा आकडा. भारतीय मानक संस्थेने ही पद्धत १९६३ साली प्रमाणित केली आणि १९८१ साली तिची सुधारित आवृत्ती काढली.

तेर्झागी-पेक यांच्या कोष्टकात वाळूला चारपेक्षा कमी ठोके लागले तर ती अतिशय सैल. चार ते दहा सैल. दहा ते तीस मध्यम. तीस ते पन्नास दाट. आणि पन्नासांवर गेले की अतिशय दाट. चिकणमातीला दोनपेक्षा कमी ठोके लागले तर ती लोण्यासारखी, तीसांहून जास्त लागले तर टणक. मुंबईसारख्या शहरात, जिथे खाड्या बुजवून बेटे जोडली गेली, तिथे एकाच बोअरमध्ये ही सारी उत्तरे पाठोपाठ मिळू शकतात : वर भरावाचा बेभरवशाचा आकडा, मग खाडीच्या चिखलाचे दोन-तीन ठोके, मग मुरमासारख्या झिजलेल्या खडकात अचानक पन्नास ठोके आणि नळी जागची हलत नाही. पहारीच्या झिणझिणीचे अखेर आकड्यात रूपांतर झाले ते असे. आता साताऱ्याचा आकडा नागपूरला आणि नागपूरचा टोकियोला वाचता येऊ लागला.

टोकियोचे नाव उगाच घेतले नाही. १६ जून १९६४ रोजी जपानमधल्या नीगाता शहराला भूकंपाचा धक्का बसला. तिथे कावागिशी-चो या वस्तीत चार मजली काँक्रीटच्या चाळी होत्या. धक्क्याने त्या फुटल्या नाहीत, कोसळल्याही नाहीत. एका बाजूला सावकाश कलंडल्या, आणि एक तर जवळजवळ आडवी झाली. खालची पाण्याने भरलेली सैल वाळू हलवली गेली, तेव्हा कणांमधल्या पाण्यावर दाब आला, कण एकमेकांपासून सुटले आणि घट्ट दिसणारी जमीन काही काळ द्रव झाली. असे प्रकार पूर्वीही झाले असतील. पण नीगाताला एक गोष्ट पूर्वी कधी नव्हती ती होती. शहरात ठिकठिकाणी भूकंपाआधी घेतलेल्या बोअरांचे आकडे कागदावर होते. संशोधकांनी कुठे इमारती कलंडल्या आणि कुठे तगल्या हे त्या आकड्यांशेजारी मांडले, भूकंपानंतर पुन्हा बोअर घेतले, आणि कोइझुमी यांनी १९६६ साली आधीचे-नंतरचे आकडे ताडून पाहिले. कमी ठोक्यांची वाळू दगा देते, जास्त ठोक्यांची टिकते, आणि या दोहोंमध्ये एक सीमा आखता येते, असे दिसून आले. १९७० नंतरच्या दशकांत सीड, इड्रिस आणि त्यांचे सहकारी यांनी ती सीमा अधिक नेमकी केली. भूकंपात जमीन द्रव होईल की नाही, याचे भाकीत करायला जगभर आजही ठोक्यांचे आकडे वापरले जातात. बॉस्टनच्या कंत्राटदाराने मातीचा नमुना काढण्यासाठी केलेली नळी साठ वर्षांनी जपानी माणसांच्या जिवाचे रक्षण करण्याच्या कामी आली.

आपल्या देशाला हा धडा २६ जानेवारी २००१ रोजी मिळाला. कच्छच्या भूकंपात कांडला बंदरातला कार्यालयाचा मनोरा पाइलांवर उभा असूनही कलला, कारण पाइलांभोवतीची वाळू द्रव झाली होती. पाइल घातले की भूमीला विचारायचे कारण नाही, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

*

एवढे गुण वर्णन केल्यावर या परीक्षेचे दोष न सांगणे अन्यायाचे होईल. ती सांगते ते एका गोष्टीपुरते : या ठिकाणी, या खोलीवर, या दिवशी, ही नळी किती ठोक्यांत उतरली. तिच्याकडून याहून जास्त वदवून घ्यायचे तर माती ओळखणारा माणूस लागतो. आपली काळी मातीच पाहा. एप्रिल-मेमध्ये ती इतकी कडक असते, की ठोके तीसांच्या घरात जावेत. आकडा पाहून परका अभियंता खूश होईल. तीच माती श्रावणात पाणी पिऊन मऊ होते आणि आकडा घसरतो. आणि फुगण्याचा जो तिचा खरा अवगुण, त्याविषयी ठोके अवाक्षर बोलत नाहीत. त्यासाठी वेगळी परीक्षा लागते, किंवा पांढरी-काळीचा भेद सांगणारा म्हातारा शेतकरी लागतो. दगडगोट्यांच्या थरात नळीच्या तोंडाशी एखादा गोटा आला, तर आकडा उगाच फुगतो. पाण्याखालच्या वाळूत बोअरमधले पाणी कमी ठेवले, तर तळची वाळू उसळून वर येते आणि आकडा उगाच पडतो.

हातोडाही सगळीकडे सारखा नसतो. दोर कप्पीवर किती वेढे घेतो, मजूर तो किती झटक्याने सोडतो, यावर ठोक्याचा जोर अवलंबून असतो. १९७० नंतर जेव्हा हा जोर उपकरणांनी मोजला गेला, तेव्हा असे आढळले, की पडणाऱ्या हातोड्याची निम्म्याहून थोडी अधिक शक्तीच गजात उतरते, आणि तीही देशादेशांत निरनिराळी. म्हणून साठ टक्के शक्ती हे प्रमाण मानून आकडे दुरुस्त करण्याची रीत पुढे पडली. १९६५ साली तर फ्लेचर यांनीच या कसोटीचे उपयोग आणि दुरुपयोग यांवर लेख लिहिला होता. एकदा आकडा मिळाला, की माणसे त्यालाच जमीन समजू लागतात, हा धोका तेव्हाच दिसू लागला होता.

पण या साऱ्या दोषांना उपाय आहेत. एका दोषाला मात्र शास्त्रात उपाय नाही, आणि तो म्हणजे न ठोकलेला ठोका. बोअरच्या तिपाईजवळ भर उन्हात एक माणूस दोर ओढतो, दुसरा मोठ्याने मोजतो आणि तिसरा वहीत लिहितो. पायाच्या संपूर्ण गणिताची उभारणी त्या वहीतल्या आकड्यावर होते. पुढे संगणकावर तीस मजल्यांचा हिशेब होईल, त्याला दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तरे येतील. पण वहीतला बावीस हा आकडा जर सावलीत बसून शेजारच्या प्लॉटवरून उतरवून घेतलेला असेल, तर त्या दशांश स्थळांना काय किंमत? आणि असे उतरवण्याचा मोह होतो तो दुष्टपणामुळे क्वचितच. बोअर दिसत नाही, त्याचे उद्‌घाटन होत नाही, त्याला संगमरवर लागत नाही; इमारतीच्या खर्चाच्या मानाने अगदी किरकोळ असलेली ही रक्कम म्हणूनच सगळ्यांत आधी कापली जाते. चार बोअर हवेत तिथे दोन घेतले जातात, आणि वीस मीटर जायचे तिथे दहावर थांबतात. ट्रान्सकोनाच्या लहान पाटाने केली ती चूक आपण मग पुन्हा करतो. त्या बिचाऱ्यांना निदान ठाऊक नव्हते.

या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात एक गोष्ट फिरून फिरून दिसते. ट्रान्सकोनाचे कोठार, येतो आणि वेस्पच्या गाड्या, नीगाताच्या चाळी, या प्रत्येक ठिकाणी भूमीने काही लपवून ठेवले होते असे नाही. तिला योग्य खोलीवर योग्य प्रश्न कोणी विचारला नव्हता, किंवा विचारायची रीत तेव्हा निघालेली नव्हती. ही रीत काढणारी माणसे फार मोठी यंत्रे घेऊन आलेली नव्हती. एक कंत्राटदार आणि त्याची नळी, एक सरकारी अभियंता आणि त्याचा गॅसचा नळ, एक प्राध्यापक आणि त्याची सिगारची खोकी. त्यांनी मिळवलेल्या ज्ञानाचा मोठेपणा बारकाव्यात नाही. तोच हातोडा, तीच उंची, तीच नळी असे सर्वांनी पत्करले आणि जे मिळाले ते लिहून ठेवले, म्हणून एकाची ठेच दुसऱ्याला शहाणपण देऊ शकली.

नव्या घराचा नकाशा पाहताना आपण दिवाणखाना किती मोठा, स्वयंपाकघर कोणत्या दिशेला, हे बारकाईने विचारतो. वाचकांपैकी ज्यांच्या घराचे काम पुढच्या वर्षी निघणार असेल, त्यांनी आणखी एक कागद मागून घ्यावा. त्यावर खोलीच्या आकड्यांपुढे ठोक्यांचे आकडे ओळीने लिहिलेले असतील. अर्थ सगळा लागला नाही तरी चालेल. बोअर किती घेतले, कोणत्या महिन्यात घेतले, किती खोल गेले आणि ठोके मोजताना तिथे जबाबदार माणूस उभा होता का, एवढे चार प्रश्न विचारायला अभियंता असावे लागत नाही. भूमी उत्तर द्यायला तयार असते, आणि आधी विचारले तर ते फार स्वस्तात देते.